गाठ काढली, यकृत तेच

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या महात्मा फुल्यांच्या पुतळ्यापासून आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. घाटी रुग्णालयही फार लांब नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, पलीकडे बुलडाणा, इतक्या जिल्ह्यांतली माणसे फायली आणि सीटी स्कॅनच्या मोठ्या पिशव्या घेऊन या भागात उतरतात. कुणी औरंगपुरा-समर्थनगरातल्या दवाखान्यात दाखवतो, कुणी सरळ सरकारी रुग्णालयाची वाट धरतो. या गर्दीत यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण संख्येने कमी असतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे कितीतरी जास्त. पण यकृताचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे नातेवाईक पुढे केव्हातरी एक प्रश्न विचारतात आणि त्याच्या उत्तरात या रोगाचे जवळजवळ सगळे शास्त्र येते : "डॉक्टरसाहेब, गाठ तर पूर्ण काढली होती ना? मग परत कशी आली?"

विचारणाऱ्याच्या मनात शंका असते की सर्जनकडून काहीतरी राहून गेले. कधी कधी खरोखर राहिलेले असते, पण ते सर्जनच्या डोळ्यांना किंवा कोणत्याही स्कॅनला दिसण्याइतके मोठे नसते. कधी मात्र काहीच राहिलेले नसते, आणि आलेली गाठ ही जुनी गाठ नसतेच. या दोन शक्यता वेगळ्या ओळखायला संशोधकांना कित्येक वर्षे लागली, आणि उपचारांची दिशाही त्यातूनच ठरली.

आधी एक खुलासा. 'लिव्हरमध्ये कॅन्सर निघाला' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो कर्करोग मोठ्या आतड्यातून, जठरातून किंवा स्तनातून रक्तावाटे यकृतात आलेला असतो. त्याची गोष्ट वेगळी आहे. इथे विषय आहे तो यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उगवणाऱ्या कर्करोगाचा. जगात २०२२ या एका वर्षात साडेसात लाखांहून अधिक माणसे यकृताच्या प्राथमिक कर्करोगाने गेली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुस आणि मोठे आतडे यांच्यानंतर यकृताचा क्रमांक लागतो.

हा कर्करोग निरोगी यकृतात क्वचितच होतो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत आधी वीस-तीस वर्षे यकृत दुखावत राहिलेले असते. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणू, दारू, आणि अलीकडे झपाट्याने वाढलेले कारण म्हणजे लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी. बुरशी लागलेल्या मक्यात आणि शेंगदाण्यांत तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विषही त्यात भर घालते. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत असा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या तीव्र विषबाधेने दगावली होती. त्याच विषाचे अगदी थोडे प्रमाण वर्षानुवर्षे पोटात जात राहिले आणि जोडीला हिपॅटायटिस बी असला, तर कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. काळपट, खवट शेंगदाणे चटणीत खपवण्याची सवय घरातून जायला हवी, हे इथेच सांगून ठेवतो.

दुखावलेल्या यकृतात पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. मधल्या जागेत चिवट तंतू साचतात, यकृत गाठाळ आणि कडक होते. हाच सिरोसिस. दर वेळी पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका साठत जातात. कर्करोग त्या साठलेल्या चुकांतून येतो. विशेष म्हणजे हे सगळे होत असताना माणूस हिंडता-फिरता असतो. अमिताभ बच्चन यांनी स्वतःची हकिगत अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झाल्यावर त्यांना मुंबईत पुष्कळ जणांचे रक्त द्यावे लागले. त्यातल्या एका बाटलीतून हिपॅटायटिस बी शरीरात गेला, आणि कळले ते वीसएक वर्षांनी, साध्या तपासणीत. तोवर यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला होता. उरलेल्या पाव हिश्श्यावर ते आजही काम करतात. यकृताची राखीव शक्ती एवढी दांडगी आहे, आणि म्हणूनच त्याचे दुखणे इतका काळ लपून राहते. कावीळ झाली तरच लिव्हर बिघडले, हा आपल्याकडचा समज म्हणूनच फार घातक आहे. जुनाट हिपॅटायटिस बी झालेल्या बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत.

हा विषाणू ज्यांच्यामुळे सापडला ते अमेरिकेचे बारूक ब्लूमबर्ग. १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन दिसले. पुढे ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे बाह्य आवरण निघाले. या कामासाठी १९७६ चे नोबेल त्यांना मिळाले. आज आपल्या रिपोर्टवर 'एचबीएसएजी' म्हणून जे छापलेले असते ते हेच प्रथिन.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. यकृत कापायला सर्जन शतकानुशतके घाबरत होते, आणि त्याला कारण होते. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या अवयवातून जाते, ते दोन वाटांनी येते : पाऊण भाग आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि पाव भाग धमनीतून. कुठेही सुरी लावली की रक्ताचा लोट. ठरवून यकृताचा तुकडा कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ मध्ये केली. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी अपघातात फाटलेल्या यकृतांवर काम करताना एक साधी युक्ती लिहून ठेवली. यकृताकडे जाणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या ज्या एका पट्ट्यातून वर चढतात, तो पट्टाच बोटांनी दाबून धरायचा. रक्त थांबते, दिसायला लागते, टाके घालता येतात. प्रिंगल यांचे रुग्ण वाचले नाहीत, पण युक्ती वाचली. आजही जगभर ती वापरतात, साधारणपणे पंधरा मिनिटे दाबायचे आणि पाच मिनिटे सोडायचे, या लयीत.

पण कुठे कापायचे? बाहेरून यकृत एकसंध दिसते. आत काय आहे ते फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी मृतदेहांच्या यकृतांत रंगीत द्रव्य भरून, रक्तवाहिन्यांचे साचे काढून पाहिले आणि १९५० च्या दशकात दाखवून दिले की यकृताचे आठ स्वतंत्र भाग असतात. प्रत्येकाची रक्त आणणारी फांदी वेगळी, पित्त वाहून नेणारी नळी वेगळी. एक भाग काढला तरी बाकीचे सात आपापले काम करत राहतात. सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर 'सेगमेंट सहा' किंवा 'सेगमेंट आठ' असे लिहिलेले असते, ते क्विनोंचेच क्रमांक. त्याच्याही आधी व्हिएतनामच्या हनोईत तोन थात तुंग हे सर्जन अतिशय तुटपुंज्या साधनांनिशी यकृत बोटांनी चिरडत आत शिरत होते. मऊ पेशी बोटात फुटतात, चिवट रक्तवाहिन्या तेवढ्या उरतात आणि त्या एकेक करून बांधायच्या. १९३९ मध्ये त्यांनी हे छापले. श्रीमंत देशांतल्या शस्त्रक्रियागृहांत आज अल्ट्रासाउंडने पेशी फोडून शोषून घेणारे यंत्र असते, ते तत्त्वाने हेच करते. मला या सगळ्या इतिहासात तुंग यांचे काम सर्वांत मोलाचे वाटते. साधन नाही म्हणून त्यांनी हात आवरला नाही.

मुंबईत पित्तमार्ग, यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांना आयुष्य वाहिलेले डॉ. वि. ना. श्रीखंडे '...आणि दोन हात' या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचे आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आता यकृताच्या शस्त्रक्रिया नेमाने होतात. अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमधला मृत्यूचा धोका शंभरात पाचांच्याही खाली आला आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो दहा-वीस होता.

यकृत कापले तरी वाढते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. दोनतृतीयांश यकृत काढलेला उंदीर काही दिवसांत ते भरून काढतो, हे हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये मोजून दाखवले. माणसात त्याला काही आठवडे ते महिने लागतात. मात्र हा हिशेब निरोगी यकृताचा आहे. निरोगी यकृताचा पाव भाग मागे ठेवला तरी माणूस तरतो. सिरोसिस असेल तर निदान चाळीस टक्के ठेवावे लागते, कारण कडक झालेले यकृत नीट वाढतच नाही. सर्जनची कोंडी इथे आहे. कर्करोगासाठी जास्त काढावे, तर यकृत कमी पडून रुग्ण दगावतो. यकृत वाचवावे, तर गाठीच्या आजूबाजूला लपलेल्या पेशी मागे राहू शकतात.

या कोंडीतून वाट काढली ती जपानच्या मासातोशी माकुउची यांनी. यकृताच्या कर्करोगाला एक खोड आहे : तो पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्यांत शिरतो आणि त्या फांदीच्या टापूत आपल्या पेशी सोडत जातो. मग त्या फांदीचाच टापू नेमका उचलला तर? ऑपरेशन चालू असताना यकृतावर सोनोग्राफीचे यंत्र टेकवून माकुउची गाठीकडे जाणारी फांदी शोधत, तिच्यात निळा रंग सोडत. यकृताच्या पृष्ठभागावर तेवढाच तुकडा निळा होई. त्या निळ्या रेषेवर कापायचे. १९८५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. गाठीचा टापू पूर्ण निघतो, बाकीचे यकृत शाबूत राहते. गाठीभोवती किती रुंद निरोगी कड काढावी याचाही अभ्यास झाला. चीनमधल्या एका चाचणीत १६९ रुग्णांपैकी काहींची एक सेंटिमीटर आणि काहींची दोन सेंटिमीटर कड काढली. पाच वर्षांनी दोन सेंटिमीटरवाल्यांत सुमारे ७५ टक्के जिवंत होते, एक सेंटिमीटरवाल्यांत सुमारे ४९. फरक मोठा आहे, पण दोन सेंटिमीटर सोडायला यकृतात जागा असावी लागते, आणि ती प्रत्येकाकडे नसते.

इतके करूनही पाच वर्षांत सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्णांत गाठ परत येते. हा आकडा जगभरच्या केंद्रांत आला. जपान, हाँगकाँग, इटली, सगळीकडे. उत्तम सर्जन, उत्तम यंत्रे असतानाही. तेव्हा दोष हाताचा नव्हता, हे उघड झाले.

संशोधकांनी मग गाठी कधी परत येतात त्याचे आलेख काढले. त्यात दोन उंचवटे दिसले. एक ऑपरेशननंतर पहिल्या दोन वर्षांत, दुसरा त्यानंतर, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास. पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्यात गाठ आली, त्यांच्या मूळ गाठी मोठ्या होत्या, अनेक होत्या किंवा बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या होत्या. दोन वर्षांनंतर ज्यांच्यात आली, त्यांच्या मूळ गाठीत तसे काही विशेष नव्हते. त्यांच्यात समान होते ते यकृत : सिरोसिस, विषाणूचे जोमदार अस्तित्व, चालू असलेला दाह.

ही दुसरी गाठ नवी आहे याचा थेट पुरावाही मिळाला, आणि तो विषाणूनेच दिला. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या डीएनएत आपला तुकडा घुसवतो. कोणत्या जागी घुसेल याचा नेम नसतो, पण एकदा घुसला की त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत ती जागा तीच राहते. पहिल्या गाठीत आणि पुन्हा आलेल्या गाठीत जागा एकच असेल, तर ती जुन्या पेशींचीच संतती. जागा वेगळी असेल, तर ती वेगळ्या पेशीतून, स्वतंत्रपणे उगवलेली. तपासणीत दोन्ही प्रकार सापडले. उशिरा येणाऱ्या गाठींमध्ये बऱ्याच नव्या निघाल्या.

२००८ मध्ये युजिन होशिदा आणि सहकाऱ्यांचे एक काम प्रसिद्ध झाले. ते वाचून यकृताच्या कर्करोगाकडे बघण्याची डॉक्टरांची नजर पालटली. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे फॉर्मालिनमध्ये घालून मेणात बसवून रुग्णालये जपून ठेवतात. काही तुकडे वीस वर्षांहून जुने होते. होशिदांनी ३०७ रुग्णांच्या अशा तुकड्यांतल्या हजारो जनुकांचे काम मोजले. अपेक्षा होती की गाठीतली जनुके बघून रुग्णाचे भविष्य सांगता येईल. तसे काही जमले नाही. भविष्य सांगितले ते गाठीच्या शेजारच्या, कर्करोग नसलेल्या यकृताने. त्यातल्या जनुकांची एक विशिष्ट ठेवण असलेल्या रुग्णांत कर्करोग उशिराने परत येण्याचे प्रमाण जास्त निघाले आणि त्यांचे आयुष्य कमी भरले.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येईल. धुऱ्यावरचे काँग्रेस गवत उपटून फेकले तरी त्याचे बी मातीत पडलेले असते, आणि पाऊस पडला की नवे झाड येते. सर्जनने झाड मुळासकट उपटलेले असते. जमीन तीच राहते.

तर मग जमीनच बदलावी. म्हणजे यकृत बदलायचे. इटलीच्या व्हिन्चेन्झो मात्साफेर्रो यांनी १९९६ मध्ये मिलानमधल्या ४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीन गाठी पण प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, अशा सिरोसिसच्या रुग्णांना नवे यकृत दिले. चार वर्षांनी चारांपैकी तीन रुग्ण जिवंत होते. त्याआधी कर्करोगासाठीचे प्रत्यारोपण जवळजवळ वाया जात असे, कारण फार पुढे गेलेले रुग्ण निवडले जात. 'मिलान निकष' आजही प्रत्यारोपणाचा मुख्य आधार आहेत. या मर्यादेतल्या रुग्णांत गाठ परत येण्याचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांवर येते. गाठ आणि रोगट यकृत दोन्ही एकदम गेल्याचा हा परिणाम.

मग सगळ्यांचे प्रत्यारोपणच का करत नाहीत? यकृत कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणारी विभागीय समन्वय केंद्रे महाराष्ट्रात चार आहेत, त्यांतले एक आपल्या शहरात आहे. पण दाते फार थोडे. लातूरचे विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात गेले. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि अवयव वेळेवर मिळाला नाही. दोनदा मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाची ही स्थिती, तर गंगापूर-वैजापूरच्या शेतमजुराची काय? जिवंत नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग देणे हा आपल्याकडचा मुख्य मार्ग आहे, पण त्याचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून गाठ काढून यकृत ठेवणे हाच बहुतेकांचा रस्ता राहतो, आणि परत येण्याचा धोका त्याबरोबर येतो.

ऑपरेशननंतर काहीतरी औषध देऊन हा धोका टाळावा, यासाठी तीस वर्षे खटपट चालू आहे. तिचा इतिहास आशा लागण्याचा आणि ओसरण्याचा आहे. १९९६ मध्ये जपानमधून बातमी आली की जीवनसत्त्व अ च्या जातीचे एक औषध नव्या गाठी रोखते. मोठ्या चाचणीत ते सिद्ध झाले नाही. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या सर्जनांनी किरणोत्सारी आयोडीन मिसळलेले तेल यकृताच्या धमनीत सोडले. अवघे ४३ रुग्ण, पण निकाल इतका चांगला की चाचणी मध्येच थांबवली. १०३ रुग्णांच्या पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये सोराफेनिब या गोळीची चाचणी आली. १,११४ रुग्ण. गाठ परत येईपर्यंतचा काळ गोळी घेणाऱ्यांत ३३.३ महिने, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३३.७. मग रोगप्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे आली. २०२३ मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीची ६६८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षाअखेर औषधवाल्या गटात ७८ टक्के रुग्ण गाठीशिवाय होते, केवळ देखरेखीखाली असलेल्या गटात ६५. डॉक्टर आनंदले. २०२४ मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला, आणि दोन्ही गटांतला फरक जवळजवळ विरून गेला होता.

हा इतिहास रुग्णांच्या घरी माहीत असायला हवा असे मला फार वाटते. 'कॅन्सर परत येऊ नये म्हणून' या नावाखाली महागडे इंजेक्शन कुणी सुचवले, तर 'याने आयुष्य वाढते असे कोणत्या चाचणीत दिसले?' हे विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे. तेच काढे, भस्मे आणि मुळ्यांच्या बाबतीत. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉ. आभा नागराळ आणि मुंबईतल्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, अर्धे यकृत काढलेल्या माणसाने डॉक्टरांना न सांगता काहीही घेऊ नये.

मात्र एक औषध खरोखर उपयोगी ठरले आहे, आणि ते कर्करोगाचे औषध नाही. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला दाबून ठेवणारी गोळी. तैवानच्या संशोधकांनी २०१२ मध्ये यकृताचे ऑपरेशन झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. विषाणूविरोधी गोळी घेणाऱ्यांत सहा वर्षांत गाठ परत येण्याचे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते, न घेणाऱ्यांत सुमारे ५५. चमत्कार म्हणावा असा फरक नाही, पण तो टिकला. त्यानंतरच्या चाचण्यांनीही त्याला दुजोरा दिला. शेजारच्या यकृतातला दाह थांबला की नव्या गाठींना लागणारे खाद्य कमी होते, आणि उरलेले यकृतही सुधारते. ऑपरेशन झाले, गाठ गेली, आता गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद करणारे रुग्ण असतात. त्यांना घरच्यांनी अडवलेच पाहिजे. दारूचेही तेच. ऑपरेशननंतर घेतलेला 'थोडासा' पेला उरल्यासुरल्या यकृतावर जातो.

गाठ परत आली म्हणजे सगळे संपले, असेही नाही. ती लहान असताना सापडली तर पुन्हा ऑपरेशन करता येते. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सुई घालून उष्णतेने जाळता येते, त्यासाठी पोट उघडावे लागत नाही. निकषांत बसत असेल तर या टप्प्यावर प्रत्यारोपणही होते. गाठ जास्त पसरली असेल तर तिला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून धमनी बुजवतात. निरोगी यकृत मुख्यतः पोर्टल व्हेनवर जगते आणि गाठ धमनीवर, या भेदाचा हा उपयोग. याच वाटेने किरणोत्सारी इट्रियमचे सूक्ष्म काचगोलकही सोडतात. ते आयात करायला अतोनात महाग पडत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभास्फिअर' नावाने असे देशी गोलक तयार केले आहेत.

आणि सोराफेनिब? ऑपरेशननंतर प्रतिबंधक म्हणून ती गोळी निकामी ठरली, पण पसरलेल्या रोगात तिने आयुष्य वाढते हे २००८ मध्येच सिद्ध झाले होते : मध्यक ७.९ महिन्यांवरून १०.७ महिने. बायर कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकली जात होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये. भारताच्या इतिहासातला हा पहिला सक्तीचा परवाना. बायरने दाद मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. तीन महिन्यांचे जास्तीचे आयुष्य कुणाला मिळावे, हा प्रश्न मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयाने गरिबाच्या बाजूने सोडवला. महाराष्ट्रात या निर्णयाची आठवण पुरेशी जपली गेलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

लवकर सापडणे मात्र आपोआप होत नाही. ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि अल्फा फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, आयुष्यभर. 'आयुष्यभर' का, याचे उत्तर वरच्या दोन उंचवट्यांत आहे. दोन वर्षे काही निघाले नाही म्हणून मोकळे होणारा रुग्ण दुसऱ्या उंचवट्याच्या तोंडाशी तपासणी सोडतो. हिंगोलीहून किंवा किनवटहून एका स्कॅनसाठी येणे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणे, एसटीचे भाडे, रात्रीचा मुक्काम. पिकाच्या काढणीत तारीख आली की ती चुकते. महात्मा फुल्यांच्याच नावाची जनआरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते, पण पुढच्या कित्येक वर्षांच्या येण्या-जाण्याचा भार कुटुंबावरच पडतो. तपासण्या जिल्हा रुग्णालयात होऊन रिपोर्ट मोठ्या केंद्राला पाठवले जातील, अशी पक्की व्यवस्था हवी. परत आलेली गाठ वेळेत पकडण्यासाठी मराठवाड्यात नव्या औषधाइतकीच तिची गरज आहे.

ज्यांना अजून गाठ झालेलीच नाही त्यांच्याबाबतही हेच खरे. शांघायमध्ये सुमारे १९ हजार हिपॅटायटिसबाधितांपैकी निम्म्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केली. २००४ मध्ये निकाल आला : त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. तपासणी अर्धवट टाळणारेही त्यात होते, तरी इतका फायदा झाला.

जमीन मुळात बिघडूच नये याचा उपाय तर चाळीस वर्षे हाताशी आहे. तैवानने १९८४ पासून बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत तिथल्या लहान मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. माणसाच्या कर्करोगाला लसीने अडवल्याचे हे पहिले उदाहरण. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून विषाणू मिळाला तर दहापैकी नऊ बाळांत तो जन्मभर राहतो. प्रौढाला मिळाला तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. म्हणून पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पडायला हवा. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणली आणि किंमत कोसळली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही लस आहे. सरकारी लसीकरणात ती देशभर मोफत मिळते.

तेव्हा वाचकाला एवढीच विनंती. घरात कुणाला हिपॅटायटिस बी निघाला असेल, कुणाचे यकृताचे ऑपरेशन झाले असेल, किंवा लिव्हरच्या दुखण्याने कुणी गेले असेल, तर आई, भावंडे, जोडीदार आणि मुले या सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. ज्यांची नकारात्मक येईल त्यांना लसीचे तीन डोस द्या. ज्यांची सकारात्मक येईल त्यांनी घाबरू नये, पण दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आहे, आणि त्याखाली ही तपासणी आणि विषाणू दाबणाऱ्या गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.